गिम्प ३.० काही महिने वापरल्यावर: एडिटिंग कितपत येतं, हे कशावरून ओळखायचं?

गिम्प या फोटो एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. मी रोजचं काम तिच्यावर आणलं त्यालाही आता बरेच महिने झालेत. फीचर्सची यादी कुठेही वाचायला मिळेल, म्हणून ती इथे देत नाही. मला या सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो आपल्याला एडिटिंग कितपत येतं, हे तपासायला.

तू बिगिनर की इंटरमीजिएट, असं कोणी विचारलं की बहुतेक जण आपल्याला येणारी टूल्स मोजतात. मला ते मोजमाप पटत नाही. हीलिंग, क्लोन, पाथ ही टूल्स थोड्याच दिवसांत हाताखाली येतात. कुठलं टूल कधी उचलायचं आणि कधी हात आवरायचा, हे कळायला खरा वेळ लागतो. पण ते मोजायचं कसं?

इथे ३.० कामी आलं. आधीच्या २.१० मध्ये कर्व्हज (उजेड-अंधार कमी-जास्त करणारी वक्ररेषा) लावून ओके केलं की पिक्सेल कायमचे बदलायचे. फाइल बंद केली की अनडू हिस्टरीही जायची आणि आपण काय केलं याचा मागमूस उरायचा नाही. आता फिल्टर लेयरवर, म्हणजे चित्राच्या थरावर, जिवंत राहतो. लेयरच्या नावाशेजारी एफएक्स असं चिन्ह दिसतं, त्यावर क्लिक केलं की लावलेल्या फिल्टर्सची यादी उघडते. एकेक बंद करून पाहा, आकडे बदला, क्रम बदला. एक्ससीएफ, म्हणजे गिम्पची स्वतःची फाइल, ही आपल्या निर्णयांची वहीच झाली आहे. (डायलॉगमधला मर्ज फिल्टर या पर्यायावर टिक नसावी, एवढं बघा. काही जुने प्लगइन अजून थेट पिक्सेलवरच काम करतात.)

तर ३.० मध्ये केलेली जुनी एखादी फाइल उघडा. समजा, खिडकीकडे पाठ करून उभ्या माणसाचा फोटो आहे: चेहरा काळवंडलेला, मागे लख्ख उजेड. यादीत आधी शॅडोज-हायलाइट्स, मग कर्व्हज, मग सॅच्युरेशन आणि शेवटी पुन्हा एक कर्व्ह, तोही पहिल्याच्या उलट दिशेने ओढलेला, असं दिसलं तर काय हवंय हे ठरायच्या आधीच हात चालला, हे स्पष्ट होतं. त्याच फोटोत लेयरची एक प्रत, तिच्यावर एकच कर्व्ह आणि मास्कमध्ये (जिथे पांढरं, तिथेच बदल दिसतो) फक्त चेहऱ्यावर पांढरा रंग फिरवलेला असेल, तर करणाऱ्याला आधीच दिसत होतं. मग झूम २०० टक्क्यांवर नेऊन केसांची कड पाहा. तिथे उजळ पट्टा दिसतोय का? मास्कवरचा ब्रश मऊ की कडक, हे त्या पट्ट्यात लगेच कळतं.

दुसरी कसोटी मी काहीही न उघडता घेते. फोटोत काय कमी आहे, ते एका वाक्यात म्हणून बघायचं. ‘फोटो डल वाटतोय’ हे निदान नव्हे. ‘मिडटोन (मधल्या छटा) दबलेत, हायलाइट्स (उजळ भाग) ठीक आहेत, सावलीत निळी झाक आहे’ हे निदान झालं. आणि मग आकड्यांनी पडताळायचं. डोळा पडद्याकडे बघत राहिला की रंगाच्या झाकेला सरावतो, त्यामुळे फक्त त्याच्यावर विसंबून चालत नाही. प्रत्यक्षात करड्या असलेल्या वस्तूवर कलर पिकर ठेवला तर लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. साध्या उजेडातल्या त्वचेत, वर्ण कुठलाही असो, लाल सर्वांत जास्त आणि निळा सर्वांत कमी असतो. आपला अंदाज आणि हे आकडे किती वेळा जुळतात, यावर मी कोणत्याही ऑनलाइन टेस्टपेक्षा जास्त भरवसा ठेवते.

फाइलला किती ताण सोसेल याची जाण हीसुद्धा पातळीच. जेपेगमध्ये प्रत्येक चॅनेलला (लाल, हिरवा, निळा) उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, १६,३८४. जेपेगमधलं आकाश कर्व्हने जोरात ओढलं की हिस्टोग्राममध्ये (छटांच्या आलेखात) फटी पडतात आणि आकाशात पट्टे उमटतात. गिम्पमध्ये २०१८ च्या २.१० पासून ३२ बिटमध्ये काम करता येतं, पण त्याने जेपेगमध्ये नसलेल्या पायऱ्या परत येत नाहीत, पुढची घसरण तेवढी कमी होते. हे ज्याला माहीत आहे तो वेळेत थांबतो.

तक्रारी आहेतच. फोटोशॉपमध्ये १९९६ पासून असलेला ॲडजस्टमेंट लेयर (खालच्या सगळ्या लेयरवर परिणाम करणारा वेगळा लेयर) इथे ३.० मध्येही नाही, फिल्टर त्या-त्या लेयरचा किंवा लेयर ग्रुपचाच राहतो. अनेक लेयरचा एकत्रित परिणाम हवा म्हणून न्यू फ्रॉम व्हिजिबल (दिसतंय त्याचा एकच नवा लेयर) घेतलं, तर खालच्या बदलांशी त्याचं नातं तुटतं. थेट सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या रंगांमध्ये, एडिटिंग होत नाही. रॉ फाइलसाठी डार्कटेबल किंवा रॉथेरपी यांसारखं वेगळं सॉफ्टवेअर सोबत हवंच. सेव्ह केलं की एक्ससीएफ आणि जेपेगसाठी वेगळं एक्सपोर्ट, या २०१२ पासूनच्या पद्धतीवर पुष्कळ जण वैतागतात. मला मात्र ती फार आवडते, कारण तिच्यामुळेच मूळ फाइल हाताशी राहते आणि वर सांगितलेली तपासणी शक्य होते.

ट्युटोरियल बघून त्यातल्याच फोटोवर तेच आकडे टाकून आलेला निकाल मी मोजत नाही. तोच दोष असलेला दुसरा फोटो घ्या आणि व्हिडिओ बंद ठेवा. ते जमलं तर एकाच कार्यक्रमातले, वेगवेगळ्या उजेडातले चार-पाच फोटो शेजारी ठेवून एकाच माणसाची त्वचा सगळीकडे सारखी दिसेल असं करून बघा. एक फोटो सुंदर करणं त्यामानाने सोपं आहे. पाचही फोटो एकाच दिवसाचे वाटायला हवेत, आणि त्यासाठी कधीकधी सर्वांत देखण्या फोटोचा रंग मुद्दाम उतरवावा लागतो.