घरघंटी: अर्ध्या किलोच्या दळणाची सोय आणि तिची किंमत

घरघंटी घ्यावी की नाही, हा प्रश्न बहुतेक घरांत पैशांच्या हिशेबाने सोडवला जातो आणि त्या हिशेबाने उत्तर सरळ नकारार्थीच येते. आमच्या एक अश्वशक्तीच्या यंत्राला सुमारे १८ हजार रुपये पडले. चौघांच्या घराला महिन्याला १५ किलो दळण लागते असे धरले आणि कोपऱ्यावरच्या गिरणीत किलोला १० रुपये मोजले, तर वर्षाचे १,८०० रुपये होतात. म्हणजे नुसती किंमत वसूल व्हायला दहा वर्षे हवीत आणि त्यात वीज, जाळ्या व दुरुस्ती धरलेलीच नाही. तरीही ही खरेदी मला पटलेली आहे. त्यामागचे कारण मात्र विक्रेते सांगतात त्या कारणांहून वेगळे आहे.

ते कारण म्हणजे अर्ध्या किलोचे दळण. गिरणीत अर्धा किलो बाजरी घेऊन गेले तर गिरणीवाला ती नाकारत नाही, पण दोन-तीन गिऱ्हाइकांची बाजरी जमेपर्यंत डबा बाजूला ठेवतो आणि त्यात त्याचे काही चुकत नाही. अर्धा किलो पिठापैकी मूठ-दोन मुठी तर जात्यातच राहतात आणि तेवढेच आधीच्या माणसाचे पीठ आपल्या डब्यात उतरते. म्हणून तर 'आमचे तांदूळ गव्हावर दळू नका' अशी विनवणी प्रत्येक गिरणीत ऐकू येते. परिणामी घरात एकदम पाच किलो गहू आणि फार तर दोन किलो ज्वारी दळून येते, ती संपेपर्यंत तेच खाल्ले जाते आणि 'थोडेसे करून बघू' याला वावच राहत नाही. खाण्याच्या सवयी बदलायच्या असतील तर नेमके हे 'थोडेसे' लागते.

पहिला बदल आम्ही चाळणीपासून केला. आमच्याकडे पीठ बारीक चाळणीने चाळून वर राहिलेला कोंडा गाईसाठी बाजूला काढण्याची पद्धत होती. घरघंटीला वेगवेगळ्या छिद्रांच्या जाळ्या येतात आणि दाण्याचा चुरा जाळीतून पार होईल इतका बारीक होईस्तोवर पाती त्याला सोडत नाहीत. त्यामुळे बारीक जाळी लावली की कोंडाही पिठाबरोबर बारीक होऊन खाली उतरतो आणि पोळीत तो जिभेला लागत नाही. चाळणी बंद झाली, हे ज्येष्ठांच्या लक्षात आले ते पोळीचा रंग किंचित गडद दिसल्यावर. चवीबद्दल तक्रार आली नाही. कोंड्याचे पीठ पाणी अधिक ओढते, म्हणून कणीक नेहमीपेक्षा थोडी सैल भिजवून अर्धा तास झाकून ठेवावी लागते. एवढे सांभाळले तर पोळी मऊ राहते.

हा बदल दिसायला क्षुल्लक असला, तरी आकड्यांत तोच सर्वांत मोठा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम मैद्यात तंतू (फायबर) सुमारे २.८ ग्रॅम असतात, पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळातही जवळजवळ तितकेच आणि कोंड्यासकट असलेल्या गव्हाच्या पिठात ११ ग्रॅमहून अधिक. त्याच तक्त्यांत ज्वारी १० ग्रॅमच्या थोडी वर आहे, तर बाजरी व नाचणी ११च्या आसपास. याचा अर्थ असा की न चाळलेल्या गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरी खाल्ल्याने तंतूंच्या बाबतीत फारसे काही साधत नाही. २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचे भरड धान्य वर्ष होते. तेव्हापासून भाकरीला जणू औषधाचा दर्जा मिळाला आहे आणि मधुमेह असलेली मंडळी 'भाकरी आहे, चालते' असे म्हणून तिसरी भाकरी निःशंक मनाने वाढून घेताना दिसतात. भाकरी झाली तरी तिच्यात मुख्यतः पिष्टच असते. फरक पडतो तो मैदा आणि पांढरा भात कमी होऊन त्यांची जागा अख्ख्या धान्याने घेतली तर, आणि एकूण धान्याचे प्रमाण घटून डाळ-भाजी वाढली तर. याच संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांच्या दिवसभराच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम सुचवल्या आहेत. आपल्या ताटात भाजी केवढी असते, हे एकदा प्रामाणिकपणे तोलून पाहावे. घरघंटीचा उपयोग या बाबतीत शून्य आहे.

मग ज्वारी, बाजरी, नाचणी कशासाठी? विविधतेसाठी आणि प्रत्येकीच्या स्वतःच्या गुणासाठी. नाचणीत १०० ग्रॅममागे ३५० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, तेवढे दुसऱ्या कुठल्याही नेहमीच्या धान्यात नाही. बाजरीत लोह बरे असते. ही धान्ये आम्ही एकदम न आणता गव्हात मिसळून आणली. आधी गव्हाच्या नऊ वाट्यांना ज्वारीची एक वाटी, महिनाभराने दोन, आणि शेवटी पाव हिश्श्यापर्यंत ज्वारी. आमच्या अनुभवात पोळीची मर्यादा इथेच येते, कारण कणकेला चिवटपणा देणारे ग्लुटेन हे गव्हातले प्रथिन ज्वारीत नसते. प्रमाण याहून वाढले की पोळी लाटताना कडा फाटतात, पदर सुटत नाही आणि डब्यातली पोळी दुपारपर्यंत कडक होते. शाळेच्या डब्यातून पोळी परत येऊ लागली की प्रमाण चुकले असे समजावे. चिकाटीने तेच प्रमाण रेटण्यापेक्षा एक पायरी खाली येणे बरे. या सावकाशीचा पोटालाही फायदा होतो, कारण तंतू एकाएकी वाढवले तर पोट फुगते आणि मग दोष नव्या धान्याच्या माथी जातो.

गव्हात मूठभर हरभरे घालण्याची आपल्याकडची जुनी रीत घरघंटीत विशेष सोयीची ठरते. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि डाळी-कडधान्ये ती उणीव भरून काढतात, त्यामुळे या मुठीला अर्थ आहे. पोळीला त्याने खमंगपणाही येतो. याच्या तुलनेत बाजारातले 'मल्टिग्रेन' पीठ घेताना पाकिटाची मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक असते, आणि पाकिटाच्या पुढच्या बाजूवर ऐटीत मिरवणारी बाकीची धान्ये त्या यादीत गव्हाच्या किती मागे उभी आहेत ते तिथे कळते.

घरघंटीचा खरा कस लागतो तो भाकरीच्या पिठाला. ज्वारीचे पीठ शिळे झाले की त्याची विरी जाते, उंडा थापताना तुटतो आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तिला चिरा पडतात. मग गरम पाण्याने पीठ मळून किंवा उकड काढून वेळ मारून न्यावी लागते. बाजरीचे त्याहून अवघड, कारण तिच्यात स्निग्धांश अधिक असल्याने पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होऊ लागते. ज्या घरांत 'आमच्याकडे बाजरी कुणाला आवडत नाही' असे ऐकायला मिळते, त्यांतल्या कित्येकांनी ताज्या बाजरीची भाकरी खाल्लेलीच नसावी अशी मला दाट शंका आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणून संध्याकाळी लागेल तेवढीच, अर्धा किलो दळली आणि त्याच पिठाची भाकरी थापली, तेव्हा साध्या कोमट पाण्यात मळलेला उंडा परातीत चारी बाजूंनी एकसारखा पसरत गेला, कडेला चीर पडली नाही आणि तव्यावर पापुद्रा टम्म फुगला. आठवड्यातून एका संध्याकाळी भाकरी, असे ठरवून सुरुवात केली होती. आता त्या संध्याकाळी वाढल्या आहेत आणि त्यासाठी कुणाला उपदेश करावा लागलेला नाही. घरघंटीच्या बाजूने माझा कौल पडतो तो मुख्यतः या भाकरीमुळे.

आता तक्रारी. पहिली आवाजाची. दळण चालू असताना शेजारच्या खोलीत फोनवर बोलता येत नाही आणि सदनिकेत राहणाऱ्यांनी दुपारी दोन ते चार किंवा रात्री नऊनंतर ती लावण्याचा विचारही करू नये. दुसरी धुरळ्याची. झाकण घट्ट बसते, पेटीला कापडी गाळणी असते, तरीही नाचणी दळली की आसपासच्या फरशीवर तांबूस पातळ थर दिसतोच, कारण नाचणीचे पीठ फार हलके असते. दळणाआधी धान्य निवडणे गिरणीपेक्षा इथे अधिक काटेकोरपणे करावे लागते. खडा गेला तर जाळी फाटते. ओलसर धान्य, तीळ किंवा शेंगदाणे घातले तर जाळीची छिद्रे बुजतात आणि मोटर हुंकार देऊन बंद पडते. दर दळणानंतर जाळी काढून ब्रशने झाडणे भाग आहे. कोपऱ्यात अडकलेल्या पिठात पावसाळ्यात पोरकिडे होतात, आणि ही स्वच्छता रोज कोण करणार हे विकत घेण्याआधीच घरात ठरलेले बरे.

'थंड दळणामुळे सत्त्व टिकते' हा विक्रेत्यांचा आवडता दावा मला पटला नाही. मोठ्या गिरणीतल्या दगडी जात्यातून पीठ चांगलेच गरम उतरते हे खरे आहे, पण आमच्या घरघंटीतही सलग पाच-सहा किलो दळल्यावर पेटीतले पीठ हाताला कोमट लागते. घरच्या पिठाचा लाभ ताजेपणात आणि कोंड्यात आहे. तापमानाचे भांडवल करण्याचे कारण नाही. विजेचा खर्च मात्र किरकोळ आहे: तासभर चालवली तर साधारण एक युनिट जाते आणि तेवढ्या वेळात सात-आठ किलो गहू सहज दळून होतो. विक्रीनंतरच्या सेवेविषयी बोलायचे तर जाळी बदलून हवी होती तेव्हा कंपनीचा माणूस तीन वेळा तारीख देऊन आला नाही आणि शेवटी दुकानदारानेच ती मागवून दिली. म्हणून नाव पाहून घेण्यापेक्षा सुटे भाग ठेवणारा जवळचा दुकानदार पाहून घ्यावी.

ग्लुटेन वर्ज्य असलेल्या सिलिअ‍ॅक रुग्णांच्या घरी या यंत्राचा विचार वेगळ्या पातळीवर करावा लागतो. गिरणीतल्या ज्वारीत किंवा तांदळाच्या पिठात गव्हाचा अंश उतरणे जवळजवळ अटळ असते आणि या आजारात तेवढा अंशही बाधतो. अशा घराने घरघंटी जरूर घ्यावी, परंतु तिच्यात गहू एकदाही दळू नये. गव्हाचे दळण गिरणीतच पाठवावे. जुनी, वापरलेली घरघंटी स्वस्तात मिळते म्हणून तर त्यांनी मुळीच घेऊ नये.

ज्यांच्या घराजवळ चांगली गिरणी आहे, जिथे ज्वारीचे जाते वेगळे आहे आणि गिरणीवाला दोन किलोचे दळण कुरकुर न करता घेतो, त्यांनी हे १८ हजार रुपये खर्च करू नयेत. चाळणी बंद करणे आणि गव्हात ज्वारी-हरभरे मिसळून नेणे तिथेही जमते. दोघांचेच घर असेल, पीठ कमी लागत असेल आणि बाजरी-ज्वारी ताजी हवी असेल, तर मात्र आर्थिक हिशेब आणखी बिघडत असूनही घरघंटीचा उपयोग सर्वांत जास्त त्यांनाच होतो. घेताना दुकानात ती चालू करून आवाज ऐकावा, हत्याराशिवाय जाळी काढता-घालता येते का ते स्वतःच्या हाताने करून पाहावे, आणि नाचणीसाठी लागणारी सर्वांत बारीक जाळी सोबत येते की वेगळी विकत घ्यावी लागते, हे बिल फाडण्याआधी विचारून घ्यावे.