जामिनावरच्या माणसाचा राग: व्हॅल्प्रोएट की क्वेटियापिन?

समजा, भाऊ जामिनावर सुटलाय आणि गोव्यात बांबोळीच्या मानसोपचार ओपीडीत जातोय. सिझोफ्रेनिया नाही, मेनिया (अतिउत्साहाचा आजार) नाही, पण राग आवरत नाही आणि रात्रभर जागा असतो. डॉक्टर दोन औषधं सुचवतात, दोन्ही ऑफ-लेबल. औषधं मंजूर आहेत, पण या त्रासासाठी नाहीत. तेवढ्यावरून बिचकू नका. नुसत्या रागासाठी मंजूर झालेली गोळी शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही.

व्हॅल्प्रोएट मूळचं फिट्सचं आणि मेनियाचं. क्षणात भडकून हात उचलणाऱ्यांना काही अभ्यासांत त्याचा फायदा दिसला, काहींत नाही. आधी लिव्हर आणि प्लेटलेट्स तपासाव्या लागतात. काजूच्या दिवसांत रोज उर्राक (काजूची दारू) पिणारा असेल, तर ते डॉक्टरांना न लाजता सांगा. सोय एकच, पण मोठी: रक्तातली पातळी मोजता येते, म्हणून ‘गोळी घेतलीस का’ यावरून घरात रोज वाजत नाही. मूल होण्याच्या वयातल्या बाईसाठी मात्र मी याला नाहीच म्हणेन. गर्भाला धोका फार.

क्वेटियापिन घरच्यांना आवडतं, कारण माणूस लगेच झोपतो. मूळचं ते सिझोफ्रेनियाचं, तिथे डोस शेकडो मिलिग्रॅममध्ये जातो. झोपेसाठी २५-५० मिलिग्रॅम देतात आणि तेवढ्यात ते मुख्यतः गुंगीच आणतं. राग सकाळी पुन्हा उठतो. वर वजन, साखर, आणि कोर्टाच्या तारखेला म्हापशाला स्कूटर काढताना डोळ्यांवरची झापड. परदेशी तुरुंगांत ही गोळी हातोहात विकली गेल्याची उदाहरणं आहेत. पाकीट घरच्यांनीच सांभाळावं. निव्वळ झोपेसाठी मला हा सौदा महाग वाटतो.

प्रोप्रानोलॉल, मूळचं रक्तदाबाचं, तेही रागासाठी कधी देतात. दमा असेल तर विषय संपला.

गोळीच नको, हाही पर्याय आहे. समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकारातल्या (नियम आणि इतरांचे हक्क सतत तुडवण्याचा स्वभाव) रागासाठी औषधं सरसकट वापरू नयेत, असं ब्रिटनच्या नाइस संस्थेचं २००९चं मार्गदर्शन सांगतं. मुळाशी दारू असेल तर आधी तिचे उपचार. माझा कल इथेच; त्यानंतरही भडका राहिला आणि रिपोर्ट बरे असतील, तरच व्हॅल्प्रोएट.

‘कोर्टापुढे बरं दिसेल’ हे गोळीचं कारण नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे, निर्णय घेण्याची क्षमता असलेल्या माणसाची संमती त्याचीच लागते, घरच्यांची किंवा वकिलाची चालत नाही. केसपेपरवर तीन गोष्टी लिहून मागा: गोळी कशासाठी, फरक कशावरून मोजणार, आणि फरक नसेल तर कोणत्या तारखेला कमी करायला घेणार.