विम्प की अ‍ॅक्सिऑन: कृष्णद्रव्याचा माग कोणत्या वाटेने?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांशी बोलताना हमखास निघणारा प्रश्न असा, की कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वातील न दिसणारे, केवळ गुरुत्वाकर्षणातून जाणवणारे द्रव्य, विम्प कणांचे असेल की अ‍ॅक्सिऑनचे. विम्प हा प्रोटॉनच्या दहापट ते हजारपट वस्तुमानाचा मानला जाणारा कण. तो झेनॉनच्या अणुकेंद्रकावर आदळला, तर क्षीण प्रकाश आणि काही मोकळे इलेक्ट्रॉन मिळावेत. अमेरिकेतील एलझेड प्रयोगात त्यासाठी सुमारे १.५ किलोमीटर खोल ७ टन द्रवरूप झेनॉन सज्ज ठेवले आहे, तरी खात्रीची धडक अजून सापडलेली नाही.

अ‍ॅक्सिऑन मला अधिक मोहवतो, कारण त्याची कल्पना कृष्णद्रव्यासाठी नव्हे, तर अणुकेंद्रक बांधून ठेवणाऱ्या प्रबळ बलातील सममितीचे कोडे सोडवताना १९७७-७८ मध्ये पुढे आली. तो इतका हलका, की अशा धडकेची अपेक्षाच करता येत नाही. मात्र प्रखर चुंबकीय क्षेत्रात त्याचे सूक्ष्मलहरींत रूपांतर व्हावे, आणि रेडिओचे बटण हळूहळू फिरवत कोल्हापूर आकाशवाणी शोधावी, तशी सिॲटलच्या एडीएमएक्स प्रयोगातील धातूची पोकळी एकेका वारंवारतेवर जुळवत तो संकेत शोधला जातो. संकेताची वारंवारता कणाच्या वस्तुमानावर ठरते: १ गिगाहर्ट्झ म्हणजे सुमारे ४ मायक्रोइलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांचे वस्तुमान ऊर्जेच्या या एककात मोजतात). काम संथ आहे, पण संकेत मिळालाच तर वस्तुमान थेट कळेल; विम्पच्या धडकेतून ते इतके नेमके हाती येणार नाही, म्हणून माझा कल अ‍ॅक्सिऑनकडे आहे.