बारा रविवार आणि एक उकार

नात सहा वर्षांची. एकटी बसायला तयार नव्हती, म्हणून मुलांच्या कविता-गाण्याच्या वर्गात बारा रविवार मीही मागच्या सतरंजीवर बसलो. आयुष्य मुद्रितं तपासण्यात गेलं, गळा अजिबात नाही. तेव्हा हा अभिप्राय कानाचा आणि डोळ्यांचा समजा.

पहिले दोन रविवार वही उघडलीच नाही. ताईंनी एक ओळ दिली, 'उंदरमामा ढोलक बडवी', आणि मुलांना जमिनीवर हात ठेवायला लावले. ऱ्हस्व अक्षराला बोटाची टिचकी, दीर्घाला आणि अनुस्वाराच्या अक्षराला पंजा ओढायचा. लघु-गुरू हे शब्द तोंडातून काढले नाहीत. टिचकीची एक मात्रा, पंजाच्या दोन. ओळीच्या दोन्ही तुकड्यांत आठ-आठ मात्रा, केरवा तालही आठाचाच. म्हणजे 'उंदरमामा' तालाच्या एका आवर्तनात, एका फेरीत, चपखल. तबला सुरू झाल्यावर मुलं आपोआप समेवर, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेवर, येत होती.

मग दुसरी ओळ मुलांनी करायची. कुणीतरी ओरडलं, 'मांजरमावशी पैंजण चढवी'. ताई चुकलं म्हणाल्या नाहीत, नुसतं वाजवायला लावलं. सगळ्यांचे हात अडखळले. एक मुलगा म्हणाला, "मांजर जाड झालीय, मावत नाहीये." नऊ मात्रा झाल्या होत्या ना! पाच मिनिटांच्या गोंधळातून 'मनीमावशी' निघाली आणि ओळ बसली. वृत्तावर मी पुस्तकंच्या पुस्तकं तपासली आहेत, पण मात्रा जास्त झाली की ती हाताला टोचते हे मला त्या दिवशी कळलं.

रूपक तालाचा रविवारही झकास. सात मात्रा, आणि पहिल्याच मात्रेला टाळीऐवजी हात उडवायचा. सम 'खाली'वर, म्हणजे हात उडवायच्या जागी, येते याची मुलांना इतकी गंमत वाटली की नात आठवडाभर जिने चढताना हात उडवत होती.

आता तक्रारी. घरी सरावासाठी दिलेली रेकॉर्डिंग मोठ्या पुरुषाच्या पट्टीत आहेत. खालच्या सुरांना मुलांचा आवाज पोचत नाही, ती नुसती पुटपुटतात. निदान दोन-तीन स्वर वर चढवून पुन्हा करायला हवीत. शेवटचे दोन रविवार 'सादरीकरणा'च्या तालमीत गेले, ते मला फुकट वाटले.

खरं दुखणं वर्गात दिलेल्या पुस्तिकेचं. एक ओळ आहे, 'पाउस आला थेंबांपाठी'. ताई गातात तेव्हा उ ऱ्हस्व, पहिल्या तुकड्यात आठ मात्रा बरोबर. पुस्तिकेत मात्र 'पाऊस' छापलंय. नात घरी वाचून म्हणायची आणि दर वेळी 'आला'पाशी हात मागे राहायचा. रडकुंडीला आली. मी पुस्तिका हातात घेतली, आणि मला कुठेच चूक दिसेना! दिसणार कशी? नियमाप्रमाणे पाऊसच बरोबर. चाळीस वर्षं मीही डोळे मिटून उ दीर्घ केला असता. पण वृत्तासाठी ऱ्हस्व-दीर्घाची सवलत कवीला आपले शुद्धलेखनाचे नियमच देतात. कुणा माझ्यासारख्यानं ती काढून घेतली आणि ओळीची एक मात्रा वाढवून ठेवली. ताईंना दाखवलं, त्यांनी कपाळावर हात मारला. पुढच्या छपाईत सुधारू म्हणाल्यात.

मूल स्टेजवर उभं राहून टाळ्या मिळवावं अशी घाई असेल, तर दुसरा वर्ग बघा. गळा तयार करण्याचं कामही इथे फारसं होत नाही. कान मात्र पक्का होतो. पुढच्या तुकडीत आमची नावं घातली आहेत. नातीनं शाळेच्या वहीत परवा चार ओळींची कविता लिहिली, त्यात 'पाउस' आहे. बाईंनी लाल शाईनं गोल केलाय. तिनं खालीच पेन्सिलीनं टिंबं मांडून आठ मात्रा मोजून दाखवल्यात.