रोडिओचे फोटो काढायचेत? शायेन, कोडी की ओकमल्गी

उन्हाळ्यात अमेरिकेत असाल आणि एकच रोडिओ (उसळत्या बैल-घोड्यांवर बसण्याची काउबॉयांची स्पर्धा) गाठता येणार असेल, तर आधी ठरवा: तुम्हाला उसळणारा बैल हवाय की त्याच्याभोवतीची माणसं? बैलच हवा असेल तर फार विचार करू नका, वायोमिंगमधलं शायेन गाठा. १८९७ पासून चालत आलेला हा रोडिओ जुलैच्या अखेरीस दहा दिवस रंगतो. खेळ दुपारी, लख्ख उन्हात. शटरचा वेग १/१००० सेकंदाच्या वर ठेवला की उडालेल्या मातीचा कणन् कण गोठतो.

गोची अशी की रिंगणाच्या आत जायला अधिकृत पास लागतो आणि तो हौशी माणसाला सहसा मिळत नाही. तुम्ही बसणार प्रेक्षकांत, लांबलचक लेन्स लावून. आणि तुम्हाला मिळालेला फोटो शेजारच्यालाही मिळालेला असणार. त्यापेक्षा गावातल्या फुकट पॅनकेक-नाश्त्याच्या सकाळी कॅमेरा घेऊन जा. हजारो लोकांसाठी पीठ चक्क सिमेंटच्या मिक्सरमध्ये कालवतात!

कोडीही वायोमिंगमध्येच, यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्व दारापासून तासाभरावर. जून ते ऑगस्ट रोज रात्री रोडिओ असतो, त्यामुळे सहलीत सहज बसतो. आज फसलं तर उद्या पुन्हा. जूनमध्ये नऊपर्यंत उजेड रेंगाळतो. वासराच्या शेपटीची रिबीन ओढायला धावणारी पोरं छान मिळतात, पण त्यातली बरीचशी पर्यटकांचीच. हात बसवायला उत्तम जागा. मात्र कोडीच्या समाजाबद्दल त्यातून फारसं काही कळेल असं मला वाटत नाही.

ओकमल्गीचं तसं नाही. ओक्लाहोमातल्या या छोट्या गावात १९५६ पासून ऑगस्टमध्ये कृष्णवर्णीयांचा रोडिओ भरतो. अशा रोडिओंमध्ये देशातला सर्वांत जुना, अखंड चाललेला म्हणून त्याचं नाव आहे. जुन्या पश्चिमेत चारातला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज. सिनेमाने त्यांना जवळपास पुसूनच टाकलं. धावत्या घोड्यावरून गोऱ्ह्याच्या शिंगांवर झेप घेऊन त्याला लोळवायचा खेळ प्रसिद्ध केला तो टेक्सासच्या बिल पिकेटने, आणि तोही कृष्णवर्णीय. इथे घोडेस्वारांची रिले शर्यत असते. ती सुरू झाली की सगळा स्टँड उठून उभा राहतो. त्या वेळी कॅमेरा शर्यतीकडे नाही, स्टँडकडे वळवा.

खरा ऐवज मात्र बैल रिंगणात सोडतात त्या गेटमागे. बैलावर बसण्याआधी स्वार बैलाच्या अंगाभोवतीच्या दोराला राळ लावतो आणि हातमोज्याने तो इतक्या जोरात घासतो की राळ तापून चिकट होते. दोराला खाली जड घंटा असते. स्वाराने मूठ सोडली की तिच्या वजनाने दोर गळून पडतो. टिकायचं आठ सेकंदं, एकाच हाताने दोर धरून. मोकळा हात बैलाला लागला की बाद. या तयारीचे फोटो ३५ एमएमच्या रुंद लेन्सने, हातभर अंतरावरून काढायचे असतात. त्यासाठी आयोजकांशी आधी बोला, मुलांचे फोटो आईबापांना विचारून काढा आणि पुढच्या वर्षी प्रिंट घेऊन जा. दुसऱ्या वर्षी लोक तुम्हाला नावाने हाक मारतील अशी शक्यता या तिघांत इथेच जास्त.

अडचणी आहेतच. खेळ रात्रीचे, दिव्यांचा उजेड तुटपुंजा. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) ६४०० च्या आसपास न्यावा लागतो आणि जास्त उजेड घेणारी एफ/२.८ ची लेन्स नसेल तर धावपळीचे फोटो हलतात. ऑगस्टमधली ओक्लाहोमाची उकाड्याची रात्र वेगळीच. तरीही माझं मत ओकमल्गीलाच. जनावरांना होणाऱ्या त्रासावरून रोडिओवर टीका होते, आणि बैलगाडा शर्यतीचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेला पाहिलेल्यांना ती नवी नाही. ती पटत असेल तर तिन्हीकडे तुम्ही अस्वस्थच राहाल. ती अस्वस्थता दाखवणारे फोटोही काढा.

राहायची सोय टल्सामध्ये बघा, गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं.