जुनी ॲल्युमिनियमची होडी: दिवाळीला दारणेत उतरवली, पावसाळ्याच्या तोंडाशी कशी आहे

होडी बारा फुटी, सपाट तळाची, रिव्हेट मारलेली, म्हणजे पत्रे धातूच्या खिळ्यांनी ठोकून जोडलेली. इगतपुरीकडच्या एका बंद पडलेल्या रिसॉर्टच्या मागे काही पावसाळे पालथी पडून होती. २६ हजारांना मिळाली, दुरुस्तीला साधारण १४ हजार गेले. मोटर आणि बॅटरीचा खर्च वेगळा. मामा दारणा धरणावरच्या मच्छीमार संस्थेचे सभासद, त्यामुळे जाळं आणि पाण्यात उतरायचा हक्क त्यांचा. मी सातपूरला फॅब्रिकेशनमध्ये, म्हणून हातोडा माझा.

जुनी होडी बघायला येणारा प्रत्येक जण आधी तळाला भोकं शोधतो. माझ्या मते गळती हा त्यातला सगळ्यात स्वस्त आजार. पैसा आणि वेळ खाल्ला तो बैठकांखालच्या फोमने आणि मागच्या लाकडाने.

एवढ्या मापाची होडी पन्नास-साठ किलोची असते, दोन माणसांनी सहज उचलावी अशी. ही छोटा हत्ती टेम्पोत चढवायला चौघे लागले तेव्हाच काय ते कळलं. बैठकीचे पत्रे उघडले तर आतला पिवळा फोम बोटाने दाबला की पाणी सोडत होता. होडीत पाणी भरलं तरी ती बुडू नये म्हणून तो फोम असतो, इथे तोच तिला खाली ओढत होता. सगळा खरवडून काढला आणि छताच्या उष्णतारोधक कामाला वापरतात त्या एक्सपीएसच्या कडक निळ्या शीट कापून बसवल्या. त्या पाणी पीत नाहीत. मात्र पेट्रोल लागलं की विरघळतात, त्यामुळे पेट्रोलचं इंजिन लावणाऱ्यांनी हा मार्ग धरू नये. बसवल्यावर कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरून पाहिली. कडा पाण्याबरोबर आल्या, पण ती खाली बसली नाही. या एका चाचणीसाठी मामी आठवडाभर आमच्यावर हसत होत्या.

मागची उभी फळी, जिच्यावर मोटर लटकते, ती बाहेरून ठीक दिसत होती आणि आतून भुसा झाली होती. नवी फळी आयएस ७१० या भारतीय मानकाच्या मरीन प्लायची, दोन थर चिकटवून केली. इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत: अशा प्लायवर बुरशी-किडीसाठी रसायनाची प्रक्रिया केलेली असते, आणि त्यात तांबं असेल तर ओलाव्यात ते ॲल्युमिनियम खातं. म्हणून सगळ्या बाजूंना, बोल्टच्या भोकांच्या आतूनसुद्धा, इपॉक्सीचे तीन हात दिले. बोल्ट स्टेनलेसचे, खाली नायलॉनचे वायसर. आज उघडून पाहिलं तर लाकूड कोरडं आहे आणि पत्र्यावर गंजाची पांढरी भुकटी नाही.

आता गळती. होडी टायरांवर नीट टेकवली, आत चार इंच पाणी सोडलं आणि खालून जिथे थेंब दिसला तिथे मार्करने गोल केला. चार इंच म्हणजे अंदाजे तीनशे लिटर, म्हणजे तीनशे किलो. दोनच टेकूंवर ठेवून हे करू नका, तळ वाकेल. बहुतेक थेंब रिव्हेटच्या डोक्यांपाशी होते, पत्रा कुठेच फाटलेला नव्हता.

आमच्याकडे आर्गॉन वेल्डिंग रोज चालतं, तरी मी या होडीला टॉर्च लावली नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, त्यावरचा ऑक्साइडचा थर दोन हजार अंशांच्या पुढे. इतक्या पातळ जुन्या पत्र्यावर, सांध्यात मुरलेल्या चिखलासकट, एक भोक बुजवताना शेजारचे चार रिव्हेट सैल होतात. व्हिडिओत हे काम फार देखणं दिसतं, एवढंच.

नाशिकला राहण्याचा फायदा इथे झाला. ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे, १९६४ पासूनचा. तिथे मिग लढाऊ विमानांच्या काळात रिव्हेटिंग केलेले एक निवृत्त काका आमच्या ओळखीत निघाले. विमानाचा पत्रा आणि होडीचा पत्रा, रिव्हेट दोन्हीकडे भरीव ॲल्युमिनियमचाच. काकांनी नखाने प्रत्येक डोकं चाचपलं. सैल असेल ते पुन्हा ठोकायचं: एकाने बाहेरून जड लोखंडी ठोकळा डोक्याला दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने शेपूट, म्हणजे रिव्हेटचं दुसरं टोक, बसवायचं. जोरात नाही, हलक्या घावांनी. ठोकळा धरणारा जरा जरी हलला की काका म्हणायचे, "तू हात टेकवतोयस, वजन टेकव." जे रिव्हेट झिजले होते तेवढेच काढून नवे घातले, पॉलियुरेथेन सीलंट लावून. हार्डवेअरमध्ये मिळणारे पोकळ पॉप रिव्हेट तळाला चालत नाहीत, मधल्या भोकातून पाणी येतं. घ्यायचेच तर बंद तोंडाचे घ्या.

रंग बाहेरून फक्त वरच्या भागाला दिला, एच (etch) प्रायमर, म्हणजे धातूला रंग धरून ठेवणारा पहिला हात मारून. तळ उघडाच ठेवला. गोड्या पाण्यात उघडं ॲल्युमिनियम स्वतःचा थर धरून राहतं, आणि दगडांवर ओढल्यावर रंग तसाही राहणार नव्हता.

वापराबद्दल. हलकेपणा हा हिचा मोठा गुण आणि तोच मोठा दोष. उन्हाळ्यात शेतीसाठी धरणातून आवर्तन सुटलं की दारणेचं पाणी मागे सरकतं आणि काठ गाळाने भरतो. लाकडी होडी तिथे रुतून बसते, ही आम्ही दोघे ओढत नेतो. पण दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटला की मामा चिडतात. "हिला वाऱ्यात धरणं म्हणजे दावं तोडलेलं वासरू धरणं," असं ते म्हणतात, आणि वल्ही त्यांच्याच हातात असल्याने वाद घालत नाही. आता जाळी भल्या पहाटे ओढतो, वारा उठायच्या आत काठाला.

आवाज फार. वल्हं कडेला लागलं तरी घंटा वाजल्यासारखं होतं. तळाला जिममधली रबरी मॅट टाकल्यावर बराच फरक पडला. कार्पेट टाकू नका, ते ओलं राहतं. जाळं रिव्हेटच्या डोक्यांत आणि कडेच्या पत्र्यात अडकायचं, म्हणून बागेचा पाइप उभा चिरून दोन्ही कडांवर चढवला. पन्नास रुपये मीटरचा हा पाइप अख्ख्या दुरुस्तीत मामांना सगळ्यात आवडला. चैत्रापासून अकरा वाजता बैठक चटका देते, ओलं गोणपाट लागतंच.

मोटर विजेची, १२ व्होल्टची. पूर्ण वेगात पन्नास अँपिअरच्या आसपास खाते, म्हणजे शंभर अँपिअर-तासाच्या साध्या बॅटरीवर तास-दीड तासाच्या पुढे भरवसा नको. सावकाश चालवली तर सकाळ निघते. बॅटरी तीस किलोची, ती मागे न ठेवता मधल्या बैठकीखाली ठेवली, नाहीतर पुढचं टोक वर उचलतं. लाइफ जॅकेट दोघांनाही, मामा कुरकुरले तरी.

सध्या मधल्या पट्टीजवळ दोन रिव्हेट पुन्हा ओलसर दिसतात, दगडांवर ओढल्याचा परिणाम. दिवसाला पेलाभर पाणी येतं. होडी पालथी करून विटांवर ठेवली आहे, मागचं बूच काढून. काका आले की ते दोन ठोकून घेऊ.

संस्थेतल्या दोघांना आता अशीच हवी आहे. त्यांना सांगितलंय, तळ नंतर बघा. आधी मागची फळी दोन्ही हातांनी हलवून पाहा आणि होडी वजनकाट्यावर चढवा. विकणारा काट्याला नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.