बाहेरचे मासे साफ करून हवे असतील तर: गणेश पेठ मासळी बाजारातला एक कट्टा

स्वतःकडून घेतलेले मासे सगळेच विक्रेते साफ करून देतात. बाहेरून आणलेला मासा हातात घ्यायला मात्र बहुतेकांची नाखुशी असते. गणेश पेठेच्या बाजारात नळाजवळ बसणाऱ्या या ताई घेतात, म्हणून हे लिहिते आहे. आमचे धाकटे भाऊजी इंदापूरला असतात आणि पुण्याला येताना थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून उजनीचे मासे आणतात. कटला, रोहू, चिलापी, नशीब असेल तर वाम. अख्खे, पोटासकट. फ्लॅटच्या ओट्यावर मोठा कटला खरवडायची माझी तयारी नाही, आणि शेजारच्यांची तर मुळीच नाही.

ताईंकडे एक विळी, एक सुरा, लाकडाचा ओंडका आणि पाण्याचं पिंप. खवलं काढणं, कल्ले काढणं, तुकडे करणं हे बाजारात कुणीही करतं. यांची खासियत पुढे आहे. पोट फाडल्यावर त्या हात थांबवतात, मासा माझ्याकडे वळवतात आणि म्हणतात, "बघा काकू, काय आहे ते." मगच आतडी काढतात.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी केली, तीही बरीचशी शौचतपासणीच्या टेबलावर. जंत बघून मला किळस येत नाही, उत्सुकता वाटते. मागे एका कटल्याच्या पोटात पायजम्याच्या नाडीसारखी पांढरी, चपटी, लांबच लांब पट्टी निघाली. शेजारचं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरकलं. माझ्या अंदाजाने ती लिग्युला, म्हणजे पट्टकृमीची (फितीसारख्या जंताची) अळी. तिची अंडी पक्ष्याच्या विष्ठेतून पाण्यात पडतात, बाहेर आलेला जीव पाण्यातले बारीक कवचधारी किडे खातात आणि ते किडे मासा खातो. कटला पाण्याच्या वरच्या थरात असलाच बारीक जीव टिपतो, त्यामुळे त्याच्या पोटात ती सापडली तर नवल नाही. शेवटी तो मासा बगळ्याने नाहीतर पाणकावळ्याने गिळला की चक्र पुरं. उजनीच्याच काठावर भिगवणला फ्लेमिंगो बघायला गर्दी होते, पण फ्लेमिंगो मासे खात नाहीत, त्यांचा यात संबंध नाही. लिग्युला माणसात वाढत नाही आणि ती असते पोटाच्या पोकळीत, मांसात नाही. ताईंनी ती बोटाला गुंडाळून टोपलीत टाकली, पोकळी दोनदा धुतली आणि मासा ठेवला. मीही तेच केलं असतं.

दुसऱ्या वेळी मात्र त्यांनी मासा ठेवू दिला नाही. चिलापीच्या कल्ल्यांपाशी आणि पाठीच्या मांसात बाजरीएवढे पिवळे दाणे होते, एक-दोन नाही, जागोजागी. त्या म्हणाल्या, "एखादा असता तर सुऱ्याच्या टोकाने काढून दिला असता, हा नका खाऊ." हे दाणे बहुधा क्लिनोस्टोमम या पर्णकृमीच्या (पानासारख्या चपट्या जंताच्या) अळ्यांचे, तेही बगळ्यांचेच पाहुणे. शिजवल्यावर अपाय करत नाहीत. जपान-कोरियात कच्चा मासा खाणाऱ्यांच्या घशात मात्र त्या चिकटल्याच्या नोंदी आहेत. तरी असा मासा ताटात कोण घेईल? त्या चिलापीचे साफ करायचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, हे मुद्दाम सांगते.

उलट जे घाबरण्यासारखं नाही तेही त्या सांगतात. गवत्याच्या (ग्रास कार्पच्या) आणि चिलापीच्या पोटात आतून काळा पापुद्रा असतो, तो रोग समजून लोक मासा परत करतात. ते पोटाचं नैसर्गिक अस्तर, खरवडून टाकलं की झालं. रोहूचं आतडं इतकं लांब, वेटोळं घातलेलं असतं की नवशिक्याला तेच जंत वाटतात. आंध्रातून येणाऱ्या तळ्यातल्या रोहूच्या अंगावर, परांपाशी, कधी चपट्या उवा असतात. त्या फक्त बाहेरून रक्त पिणाऱ्या, खवल्यांबरोबर निघून जातात.

पित्ताची पिशवी त्या अजिबात फुटू देत नाहीत. फुटली की तुकडे कडू होतात हे सगळ्यांना माहीत असतं. रोहू-कटल्याचं पित्त औषध म्हणून कच्चं गिळणारे लोक मूत्रपिंडं निकामी होऊन इस्पितळात येतात, हे कमी जणांना माहीत असतं. जंतांच्या नावाने नाक मुरडणारा माणूस मधुमेहावर पित्त गिळायला तयार होतो. काय म्हणावं!

आता तक्रारी. पहिली म्हणजे लिंबू. ताई ठामपणे सांगतात की मीठ, हळद, लिंबू लावून अर्धा तास ठेवलं की "आतलं सगळं मरतं". मरत नाही. वास जातो, मांस वरवर पांढरं होतं, अळीला काही होत नाही. तुकड्याच्या मधोमध ६३ अंश सेल्सियस उष्णता पोचली पाहिजे. उकळत्या रश्शात ती सहज पोचते. तव्यावरच्या जाड तुकड्यात पोचेलच असं नाही, रवा आधी लाल होतो आणि काट्याजवळचं मांस अजून काचेसारखं असतं. म्हणून तळायचे तुकडे मी पातळ करून घेते. गोठवून मारायचं तर उणे २० अंशांवर ७ दिवस लागतात. एका दाराच्या जुन्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यावर त्यासाठी विसंबू नये.

हे मी त्यांना सांगितलं. त्या हसल्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाला लिंबूच सांगितलं.

दुसरी तक्रार मांजरांची. ओंडक्याखाली दोन-तीन कायम बसलेली असतात आणि आतडी कच्चीच त्यांच्यापुढे पडतात. मरळ आणि वाम यांच्या मांसात नॅथोस्टोमा नावाच्या कृमीची अळी असू शकते, आणि त्या कृमीचं मूळ घर म्हणजे मांजर-कुत्र्याचं जठर. माणसाच्या पोटात कच्च्या किंवा अर्धकच्च्या माशातून गेली तर ती कातडीखाली फिरत राहते, क्वचित डोळ्यात जाते. ही अळी तीन-चार मिलिमीटरची, मांसात गुंडाळून बसलेली. ताईंच्याच काय, कुणाच्याही नजरेला ती सहजी दिसायची नाही. तेव्हा त्यांनी "साफ आहे" म्हटलेला मासाही पुरता शिजवायचाच.

तिसरी, ओंडका एकच आणि दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये तो नुसत्या पाण्याने धुतात. घरी आणून तुकडे पुन्हा वाहत्या पाण्याखाली धुवावेत आणि ज्या पाटावर ते ठेवले त्यावर कोशिंबिरीची काकडी चिरू नये.

एका ऑनलाइन कंपनीकडूनही मी गोड्या पाण्याचे मासे मागवून पाहिले. बंद पाकिटात डोकं, कल्ले, पोट काढलेले सुबक तुकडे येतात. दिसायला स्वच्छ, पण कल्ला लाल होता की करडा, पोटात काय होतं, काहीच कळायला मार्ग नाही. मला उघडा मासा आणि तोंडावर बोलणारी बाई परवडते.

दर किलोवर आहे, वजन साफ करण्याआधीचं धरतात, हे आधी विचारून घ्या. रविवारी सकाळी जाऊ नका, रांगेत बर्फ वितळतो. आठवड्यात सकाळी लवकर गेलात तर त्या निवांत असतात आणि जास्त बोलतात. डबा स्वतःचा न्या, त्यांच्या पिशव्या पातळ आहेत. वाम किंवा मरळ असेल तर कातडी सोलायचे पैसे वेगळे पडतात आणि वेळही दुप्पट लागतो.